ओल्या लाकडाचा भाव

नवी मुंबईत सरपणाचा धंदा चालतो असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "घेतं कोण?" हे विचारणाऱ्या गृहस्थांनी सकाळी बेकरीचा पाव चहात बुडवून खाल्लेला असतो, गेल्या शनिवारी कर्जतच्या फार्महाऊसवर शेकोटीभोवती बसून "लाइफ म्हणजे हेच रे" असं म्हटलेलं असतं, होळीची वर्गणी दिलेली असते, आणि मधल्या एका दुपारी शेजारच्या आजोबांना पोचवूनही ते आलेले असतात. लाकूड त्यांनी भरपूर जाळलेलं असतं. फोडलेलं तेवढं नसतं.

स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आला, दोन महिन्यांनी बिल येऊ लागलं, की चूल ही हुरडा पार्टीच्या जाहिरातीतली वस्तू होते. पण शहर जळण घेतंच. फक्त ते कुठून येतं, कोण आणतं, कोण वाळवतं हे कोणी विचारत नाही. मी विचारत फिरलो, कारण निवृत्त माणसाला फिरायला काहीतरी निमित्त लागतं. मुकादम, वखारवाले, बेकरीवाले, मोळीवाल्या बाया अशा सगळ्यांपाशी रेंगाळल्यावर जे कळलं ते आधीच सांगून टाकतो: लाकडाच्या धंद्यात आगीचा विचार कोणी करत नाही. सगळा हिशेब पाण्याचा.

आता जंगल. शहराच्या पश्चिमेला खाडीकाठी खरंखुरं जंगल आहे, तिवरांचं, म्हणजे कांदळवन. एके काळी खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांतल्या चुली त्यावर पेटायच्या. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली, 2012 मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आला, ऐरोलीला त्यांचं जैवविविधता केंद्र उभं राहिलं, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये ती पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेली. तिथली वाळकी काटकी उचलायलाही आता कोणाचा हात धजावत नाही. ते योग्यच आहे, आणि म्हणून सरपणाच्या गोष्टीतून ते जंगल इथेच वजा होतं.

उरलं दुसरं जंगल. ते सोसायट्यांच्या कंपाउंडमध्ये आणि रस्त्यांच्या कडेला, मोटारींच्या डोक्यावर उभं आहे. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेतला, सुबाभूळ मेक्सिकोकडची. नवी मुंबईत मूळचा कोणीच नाही, हे झाडांनाही लागू आहे. (गावठाणातले लोक हे वाक्य वाचून रागावतील. 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उठलं, तेव्हा त्यांचा राग रास्त आहे. चिंच आणि आंबा त्यांच्या बाजूचे.) या जंगलातला तोडणीचा हंगाम मे महिन्यात सुरू होतो. त्याला सरकारी भाषेत पावसाळापूर्व छाटणी म्हणतात आणि सोसायटीच्या भाषेत "पडलं तर जबाबदार कोण?" असं म्हणतात.

झाडाला हात लावायचा तर 1975 चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातला वृक्षसंरक्षण कायदा आधी वाचावा. त्यात झाड तोडणे म्हणजे बुंध्यावर करवत फिरवणे एवढंच नव्हे. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं तोडण्यातच मोडतं. म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या काकू पूजेसाठी रोज ज्या निष्ठेनं कढीपत्त्याच्या शेजारची जास्वंद ओरबाडतात ते पाहता, त्या कधीच्याच आत जायला हव्या होत्या. सुदैवानं जास्वंद झाडात मोजत नाहीत. झाड तोडण्यासाठी अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्यानं वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि त्या झाडावरही सहज दिसेल अशी नोटीस लावायची. झाडाला वाचता आलं असतं तर ही फार सभ्य पद्धत ठरली असती.

2021 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरलं; आणि झाड तोडलं तर त्याचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची असं आलं. हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली 17 मार्च 1970 ला. म्हणजे पहिल्याच दिवशी कुणी उत्साहानं रोप लावलं असेल, तर ते आत्ता कुठे वारशाला लागलं. पण दुरुस्तीचा खरा परिणाम सोसायट्यांच्या सभेत पाहावा. आमच्या गेटजवळचा रेन ट्री तोवर "पुरातन" होता, त्याच्या सावलीबद्दल स्मरणिकेत लेख आले होते. वयाइतकी झाडं लावायची हे कळताच त्याचं वय उतरू लागलं. चाळीसवरून तो तिसावर आला, तिथून पंचविसावर. एका सभासदांनी तर तो आपल्या धाकट्या चिरंजीवांपेक्षा लहान असल्याचं शपथेवर सांगितलं. चिरंजीव बारावीला होते.

शेवटी तोडायचं रद्द होऊन छाटायचं ठरलं. (हेच नेहमी ठरतं. तोडायचं म्हटलं की निम्मे सभासद पर्यावरणवादी होतात, ठेवायचं म्हटलं की उरलेले निम्मे मोटारवाले होतात.) निसर्गाला मात्र ही भानगड नाही. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा शहरात झाडं रस्त्यांवर आडवी झाली. पडण्यापूर्वी त्यांनी कोणाकडेही अर्ज केला नव्हता.

छाटणीची टोळी येते ती टेम्पोतून, सकाळी. एक मुकादम, एक वरचा गडी, एक मशीनवाला आणि तीन-चार खालचे. वरचा गडी अनवाणी असतो, कमरेला कोयता, खांद्यावर दोर. तो चढायला लागला की पाच गॅलऱ्यांमधून सूचना सुरू होतात. "अहो, ती फांदी नको, ही!" "डावी! तुमची डावी!" वरचा गडी कोणाचंच ऐकत नाही, कारण त्याला सोसायटीपेक्षा फांदी जास्त कळते. मोठी फांदी तो आधी खालच्या अंगानं थोडी चिरतो आणि मग वरून कापायला घेतो. थेट वरून कापलं तर फांदी अर्ध्यावर मोडते आणि जाताना बुंध्याची साल सोलून नेते. तिच्या टोकाला बांधलेला दोर बुंध्याला दोन वेढे देऊन खालच्या गड्याच्या हातात असतो. दोनशे-अडीचशे किलोची फांदी एक किडकिडीत माणूस त्या दोन वेढ्यांच्या घर्षणावर तोलून, बोटाबोटानं खाली सोडतो. खाली एका गृहस्थांची मोटार असते. गृहस्थ मुलीकडे न्यू जर्सीला असतात आणि किल्ली त्यांच्यासोबत असते. फांदी मोटारीच्या छताच्या हातभर वर येऊन थांबते, हवेत वळते आणि शेजारच्या मोकळ्या जागेत टेकते. टाळ्या वाजायला हव्यात. त्याऐवजी गॅलरीतून आवाज येतो, "जरा सांभाळून!"

मशीनवाल्याचं दुःख वेगळं. साखळीकरवतीच्या पेट्रोलमध्ये त्याला टू-टी तेल मिसळावं लागतं, लिटरला वीस मिली. बाटली हलवताना तो होमिओपॅथच्या चेहऱ्यानं उभा असतो. यंत्र चालू झालं की भुशाचा फवारा उडतो, सगळी मुलं खूश होतात, आणि मग "कर्रर्र" असा आवाज येऊन ठिणग्या पडतात. खिळा!

शहरी झाडात लाकूड असतं तितकंच लोखंड असतं. महाराष्ट्रात झाडांचे खिळे उपटण्याची मोहीम चालवावी लागली यावरून ओळखा. झाड वाढताना खिळ्याला पोटात घेतं, त्यावर साल चढते, आणि कुणाला पत्ता लागत नाही. आमच्या रेन ट्रीच्या कापलेल्या ओंडक्यापाशी मुकादम उकिडवा बसला आणि कोयत्याच्या टोकानं खिळे दाखवू लागला.

"हा वरचा, हा आत्ताचा. क्लासेसची पाटी."

"आणि हा?"

"हा आत गेलाय बघा चार बोटं. जुना. लाइटिंगचा असेल, गणपतीतला."

त्याच्याही आत एक गंजका, चपट्या डोक्याचा मोठा खिळा होता. त्याकडे सगळ्यात जुन्या सभासदांनी बराच वेळ पाहिलं आणि ते म्हणाले, "हा बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटचा बाण." सोसायटीचा इतिहास लिहायचा प्रस्ताव दरवर्षी निधीअभावी मागे पडतो, तो तिथे, दीड फूट व्यासाच्या तुकड्यात, सनावळीसह तयार होता. मशीनवाला मात्र त्या इतिहासाला शिव्या देत बाजूला जाऊन बसला. साखळीचा एकेक दात गोल कानशीनं घासायचा, एक दात या अंगाला, पुढचा त्या अंगाला, दाताला दोन-तीन हात. याला वेळ लागतो. गॅलरीतून आवाज आला, "बघा, बसले लगेच."

फांद्या खाली आल्या की मालकीचा प्रश्न निघतो. ज्यांनी वीस वर्षांत त्या झाडाचं नाव विचारलं नव्हतं, ते "आपलं लाकूड" म्हणू लागतात. एकांना त्यातून टीपॉय करायचा होता. एकांना कुंड्यांसाठी चकत्या हव्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्यांना गेल्या वर्षी पडलेल्या गुलमोहराचं टेबल करायचं होतं, तो ओंडका त्यांनी जिन्याखाली ठेवला होता. मुकादमानं त्यावर थाप मारली. आतून पिठासारखा भुसा गळला. "याचं आता काय होणार नाही," तो म्हणाला. भुंग्यांना गुलमोहराची चव आवडते आणि त्यांनी अर्ज केलेला नसतो.

लाकूड रस्त्यावरून न्यायचं म्हणजे आणखी एक खातं. रानातल्या लाकडाला वाहतुकीचा पास लागतो, ज्याला सगळे "टीपी" म्हणतात, आणि मोठ्या मालावर वनखात्याच्या हातोड्याचा छाप उमटवावा लागतो. कुठल्या झाडाला पास हवा, कुठल्याला नको, हे मुकादमाला तोंडपाठ असतं. याच्या मुळाशी 1927 चा भारतीय वन कायदा आहे. तो मी एका पावसाळी दुपारी वाचायला घेतला आणि ठेववेना. त्यात गुराढोरांच्या व्याख्येत हत्ती आणि उंटही येतात. बांबू हा त्या कायद्यानं नव्वद वर्षं झाड होता. 2017 मध्ये सरकारनं त्याला झाडपणातून मुक्त केलं. बांबू तोवर गवत होता ते होताच, पण कागद नव्हता.

पालापाचोळा आणि बारीक फाटे डंपरमधून जातात. जाड माल ठेकेदाराच्या टेम्पोतून वखारीला. आणि तिथे मुकादमाची झाडांकडे पाहायची दृष्टी एकदम बदलते. फुलं, सावली, पक्षी हे सगळं गॅलरीतल्या लोकांसाठी. वखारीत झाडाची जात जळणावरून ठरते. बाभूळ राजा: जड, निखारा टिकणारा, धूर कमी. तिच्या खालोखाल सुबाभूळ. आंबा मधला. रेन ट्री आणि गुलमोहर "चालतंय". सावर, पांगारा, शेवगा यांची नावं काढली की वखारीचे शेठ हात झटकतात. कापूस पेटावा तसं पेटतं आणि विझतं. नारळाच्या बुंध्याबद्दल तर ते बोलतच नाहीत. कुऱ्हाड मारली की ती तंतूंत रुतते, ओढली की निघत नाही, आणि फोडणारा व नारळ दोघं तसेच एकमेकांना धरून उभे राहतात.

सुबाभळीचं आयुष्य म्हणजे एका हुशार मुलाची शोकांतिका आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेनं, मणिभाई देसाईंच्या पुढाकारानं तिचा प्रचार केला. चारा तिचा, जळण तिचं, वाढ झपाट्याची, तोडली तरी फुटणारी. सरपणाचा प्रश्न सुटलाच असं सगळ्यांना वाटलं. तिनं सांगितलेलं सगळं केलं, फक्त थांबली नाही. शेंगा तडकल्या, बिया पसरल्या, आणि आज जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर घुसखोर प्रजातींच्या यादीत ती आहे. नवी मुंबईत रेल्वेच्या कडेला, नाल्याच्या काठाला, बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीआड ती उभी असते. वखारवाल्याला मात्र यादी माहीत नाही. त्याला ती सरळ चिरते म्हणून प्रिय आहे.

कारण लाकूड फोडणं ही चिंचेपाशी गेल्यावर कळणारी गोष्ट आहे. सुबाभळीचा ओंडका उभा करा, पाचर ठेवा, घण मारा, दोन फाळी. चिंचेचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की घण उडून परत येतो. खाटकाचा ठोकळा चिंचेचा का असतो ते फोडणाऱ्याला विचारा. जे लाकूड वर्षानुवर्षं सुऱ्याचे घाव खाऊन हलत नाही, ते तुमच्या दोन घावांनी का उघडेल? तुर्भ्याच्या वखारीत एक गडी चिंचेच्या बुडख्याभोवती फिरत होता. मारत नव्हता, नुसता फिरत होता. मी विचारलं, "काय बघताय?"

"चीर कुठं जातीय ते. ती सापडली तर अर्धा तास. नाही सापडली तर उद्या."

गाठीच्या लाकडाची मजुरी जास्त मागावी, तर शेठ म्हणतात वजन तेवढंच. आणि वजन म्हटलं की आपण मूळ पदावर येतो.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. शंभर किलो लाकूड घरी आणलं म्हणजे पन्नास किलो लाकूड आणि दोन-अडीच हंडे पाणी आणलं. कोरडं किलोभर लाकूड जळून साडेचार हजारांच्या आसपास किलोकॅलरी उष्णता देतं. ओल्या लाकडातलं किलोभर पाणी उकळून वाफ करून घालवायला सहाशेच्या घरात खर्च होतात. म्हणजे ओलं लाकूड विकत घेणारा पाण्याला लाकडाचा भाव देतो, घरी आल्यावर ते पाणी उकळायला स्वतःचंच लाकूड जाळतो, आणि वर फुंकर मारताना डोळ्यांतलंही थोडं घालतो. पण विकणाऱ्याच्या बाजूनंही बघा. शेठ ट्रक वजनकाट्यावर मोजून घेतात. माल वखारीत रचला की त्यातलं पाणी उडायला लागतं. चोरी नाही, आग नाही, उंदीर नाहीत, तरी दहा टनांचे सहा टन होतात. कुठल्याही धंद्यात माल जपून ठेवला की राहतो. इथे जपून ठेवला की कमी होतो.

"मग वाळवता कशाला?" मी विचारलं.

शेठ कच्छी पटेल, तिसरी पिढी महाराष्ट्रात. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ओला दिला तर बेकरीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता फोन करतो. पाच वाजता मी झोपलेला असतो."

लाकूड वाळवायला खरं तर काही करावं लागत नाही. फोडा, खाली दोन आडवे ओंडके टाकून जमिनीपासून उचला, आडवं-उभं रचा म्हणजे मधून वारा खेळेल, आणि सहा महिने ते वर्षभर वाट पाहा. एवढंच. पण वाट पाहायला जागा लागते, आणि नवी मुंबईत जागेचा भाव चौरस फुटाला असतो. इथे माणसं तीनशे ऐंशी फुटांत संसार करतात. शेठच्या बाभळीला त्याहून मोठी जागा लागते आणि ती भाडंही देत नाही. त्यात जून ते सप्टेंबर. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात चार महिने हवाच इतकी ओली असते की लाकूड सुकायचं सोडून उलट ओल पिऊन घेतं. निळी ताडपत्री घातली तर खालून घामतं, नाही घातली तर वरून भिजतं. बुरशी येते, वाळवी येते, ओंडक्यांच्या फटीत धामण येते. धामणीला शेठ हाकलत नाहीत, ती उंदीर खाते आणि भाव विचारत नाही.

जाणकार गिऱ्हाईक ओळखू येतं. ते लाकडाच्या तोंडाला ताऱ्यासारख्या चिरा पडल्यात का बघतं, साल नखानं सुटते का बघतं, आणि दोन फाळी एकमेकांवर आपटतं. वाळलेली खणखणते, ओली थप्प करते. अजाण गिऱ्हाईक लाकडाचा फोटो काढतं.

यातून सुटायला बेकरीवाल्यांनी वेगळा मार्ग काढला होता. ते जुन्या फर्निचरचं, पाडलेल्या इमारतींच्या चौकटींचं, खोक्यांचं लाकूड घेत. ते कोरडं ठणठणीत, पण त्यावर रंग, पॉलिश, फेव्हिकॉल. मुंबईच्या बेकऱ्यांचा हा धूर उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगण्यात आलं. बेकरीवाले म्हणाले, पावाची चव जाईल. मला वाटतं ते खरंही असेल, पण ती चव कुणाच्या दिवाणाची होती हे आपण कधी विचारलं नव्हतं.

खोक्यांची मात्र गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती या शहरातच घडू शकते. न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झालं. तिथे उतरणाऱ्या यंत्रांखाली, काचांभोवती पाइनची खोकी आणि पॅलेट असतात. परदेशी लाकडातून किडे देशात शिरू नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहे: लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस उष्णता सलग 30 मिनिटं पोचली पाहिजे. तसं केलं की त्यावर गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाचा शिक्का, देशाची अक्षरं आणि पुढे "एचटी". तर थंड देशातलं हे झाड रीतसर शेकून, प्रमाणपत्र घेऊन, समुद्र ओलांडून येतं, यंत्र उतरवून रिकामं होतं आणि भंगारवाल्यामार्फत जळणात जातं. शिक्क्यावर "एमबी" असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं असतं, ते जाळू नये. शेठच्या गड्याला मी हे समजावलं. त्यानं पॅलेट उलटंपालटं करून शिक्का पाहिला आणि विचारलं, "यात खिळे किती निघतात ते लिहिलंय का कुठं?"

स्मशान हे वखारीचं बारमाही गिऱ्हाईक. एका चितेला साधारण तीनशे किलो धरतात. विद्युतदाहिन्या, गॅसदाहिन्या आल्या, तरी घरातलं कोणीतरी ज्येष्ठ म्हणतंच, "लाकडावरच. त्यांची तशी इच्छा होती." ज्यांची इच्छा असते ते गृहस्थ हयातभर पाइपच्या गॅसचं बिल वेळेवर भरत आलेले असतात. शेठ सांगतात, या गिऱ्हाइकाला ते कधी ओलं देत नाहीत. धंद्यात तेवढं एक पथ्य.

या सगळ्या साखळीत पाणी न विकणारं एकच माणूस मला भेटलं. खारघरच्या, पनवेलच्या डोंगरांतून सकाळी उतरणाऱ्या मोळीवाल्या कातकरी बाया. डोक्यावर चुंबळ, त्यावर वीस-पंचवीस किलोची मोळी, वेलानं आवळलेली. त्या हिरव्या फांदीला हात लावत नाहीत. वनरक्षकाची भीती हे एक कारण, पण खरं कारण मानेचं आहे. जिला दोन-तीन तास डोक्यावरून आणायचंय, ती पाणी कशाला वाहील? काटकी मोडून बघायची, कट्ट वाजली तर घ्यायची, वाकली तर टाकायची. शहरातलं सगळ्यात कोरडं, सगळ्यात प्रामाणिक जळण त्या मोळीत असतं आणि सगळ्यात कमी भाव तिला मिळतो, कारण वजनात ते हलकं भरतं. यांच्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. लाकूड रचायचं, गवत-मातीनं लिंपायचं, आणि आतली आग भडकू नये म्हणून रात्र-रात्र जागायचं. भट्टीला तडा गेला तर कोळशाऐवजी राख मिळते आणि उचल तशीच राहते. यावर विनोद करायचं माझ्याच्यानं होत नाही, पुढे जातो.

थंडी पडली की फार्महाऊसवाले वखारीत येतात. मोटार बाहेर लावून नाकाला रुमाल. "बॉनफायरसाठी हवंय. जरा दिसायला चांगलं द्या." शेठ त्यांना सालीसकट, गोल, जाडजूड ओंडके देतात. फोटोत ते झकास येतात. पेटत नाहीत, कारण ओंडका सालीसकट वर्षभर ठेवला तरी आतून ओलाच राहतो. पाणी बाहेर पडायला त्याला फोडावं लागतं. मग रॉकेल शोधतात, ते मिळत नाही. सॅनिटायझर ओततात, ते निळं होऊन उडून जातं. शेवटी सोसायटीच्या स्मरणिकेचे जुने अंक जाळतात.

आमचे एक स्नेही यंदा पोपटीला घेऊन गेले, पनवेलच्या पुढे एका शेतावर. पोपटी म्हणजे रायगडची थंडीतली मेजवानी: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. स्नेह्यांनी शेठकडून बाभळीचा एक देखणा ओंडका आणला होता. डिकीत मावत नव्हता म्हणून मागची सीट पाडली होती. शेताच्या मालकांनी तो चौघांच्या मदतीनं उतरवून घेतला, त्यावर हात फिरवला, "छान आहे" म्हणाले, आणि बाजूला लोटून दिला. मग त्यांच्या नातवानं पेंढा, वाळक्या काटक्या आणि दोन गोवऱ्या आणल्या. अर्ध्या तासात मडक्यातून वास सुटला.

"अहो, आणि हा?" स्नेह्यांनी ओंडक्याकडे बोट दाखवलं.

"हा ठेवून जा. फोडून ठेवतो. पुढच्या पोपटीला होईल."

आम्ही त्या ओंडक्यावर रांगेत बसून पोपटी खाल्ली. बसायला तो फारच उत्तम होता. उठल्यावर मात्र सगळ्यांच्या पँटी मागून ओल्या लागल्या.